ड्रेजरचा पंप हळू चालवला तर झीज खरंच वाचते का?

भीमेचा_काठ
नमस्कार मंडळी. सोलापूरपासून तासाभरावर एका तलावाचा गाळ काढायचं काम घेतलंय. तलावातून गावाला पिण्याचं पाणी जातं, म्हणून तो रिकामा करता येत नाही, नि पोकलेन आत घालता येत नाही. म्हणून छोटा कटरवाला ड्रेजर (तळाची माती कातरून पाण्यासकट पंपानं ओढणारी बोट) भाड्यानं आणला. ८ इंची पंप, इंपेलर (पंपातलं पात्यांचं फिरतं चाक) ६०० मिमीचा, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. इंजिनाची पुली १२ इंची, पंपाची २२ इंची, मध्ये सी सेक्शनचे आठ पट्टे. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवलं की पंप ८१८ फेरे फिरतो. पुढं ४०० मीटर पाइप, मग बांधाआड गाळ निवळायचा खड्डा.

भांडण असं की बोटमालक म्हणतो, "फुल रेस मारा, काम उरका." आमचे मिस्त्री (वय ६३, आयुष्य पंपात गेलं) म्हणतात, "हळू चालव पोरा, लोखंड खायलाय तू." पहिला इंपेलर दोन महिन्यांत वस्तऱ्यासारखा झाला, लाइनरला (पंपाच्या आतल्या अस्तराला) भोक पडलं. सुटे भाग करारानं माझ्या माथी. मिस्त्रींचं ऐकून इंजिन १५०० वरून ११०० वर आणलं. तीन दिवस झकास चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाइप गच्च. दोन दिवस पाइप सोडून सोडून मुरूम काढला.

आता मालक हसतोय, मिस्त्री गप्प आहेत. कुणाचं बरोबर?

शेंगाचटणी
दोघांचंही. मालकाचं पैसे घेताना, मिस्त्रींचं रात्री झोपताना. तुझंच तेवढं चुकलंय बे, काम घेतलंस ते.

वाळवंट_माढा
आधी हे सांगा, गाळ काढताय का वाळू? आमच्याकडं नदीत "गाळ काढणाऱ्या" बोटी महसूलवाले जिलेटिन लावून उडवतात. झीज कमी करायचा तो सगळ्यात खात्रीचा उपाय. एका दणक्यात शून्य.

भीमेचा_काठ
@वाळवंट_माढा, परवानगीचं पत्र, मोजणीचा नकाशा, सगळं आहे दादा. निघतंय ते नव्वद टक्के काळं लोण्यासारखं. ओढा जिथं तलावाला मिळतो त्या कोपऱ्यात मात्र मुरूम आणि भरड वाळू आहे. पाइप तिथंच बसला.

पाना_बारा_तेरा
उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे, पण कुणी बघेना. जरा सविस्तर लिहितो, रिटायर माणूस आहे, वेळ आहे.

पंपाचे फेरे कमी केले की पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, दाब वर्गाच्या प्रमाणात उतरतो आणि लागणारी ताकद घनाच्या. तुम्ही ८१८ वरून ६०० वर आलात, म्हणजे ७३ टक्के. दाब राहिला ५४ टक्के, ताकद ३९ टक्के. झीजही साधारण वेगाच्या अडीच ते तीन घाताच्या हिशेबानं उतरते, म्हणजे तासाची झीज निम्म्याहूनही खाली. मिस्त्री बरोबर बोलले ते इतकंच.

पण पंप एकटा नाही, त्याला शेपूट आहे ४०० मीटरची. पाण्यातला कण तरंगत पुढं जायचा तर पाइपात एक किमान वेग लागतो. ८ इंची पाइपात भरड वाळूला सेकंदाला साडेतीन मीटरच्या जवळपास, बारीक वाळूला अडीच-पावणेतीन, तुमच्या काळ्या लोण्याला दोनच्या आतही भागतं. ६०० फेऱ्यांवर तुमचा वेग तीनच्या खाली गेला असणार. लोणी गेलं, मुरूम बसला. बसला की पाइपाचं तोंड आतून लहान होतं, अडथळा वाढतो, पाणी आणखी कमी येतं, आणखी बसतो. पाच-दहा मिनिटांत खेळ खलास.

म्हणजे "हळू का जोरात" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या मालाला किती हळू, ते विचारा.

डिझेलदास
काकांना नमस्कार, पण इंजिनाचं कोण बघणार? १५०० चं इंजिन ११०० वर लोडखाली चालवलं की ते कुथतं. क्रँकचे बेअरिंग जातात, धूर काळा येतो, एक्झॉस्ट तापतो. पंप वाचवायला जाल आणि इंजिन घालवाल. ट्रॅक्टरवाल्याला विचारा, टॉप गिअरला कमी रेसवर नांगर ओढून बघ म्हणावं.

पाना_बारा_तेरा
@डिझेलदास, नांगराचं उदाहरण इथं लागू नाही. नांगर तुम्ही हळू ओढा की जोरात, माती जवळपास तेवढीच अडवते. सेंट्रिफ्युगल पंप तसा नसतो. फेरे कमी झाले की त्याला फिरवायला लागणारा पीळही वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. इंजिन कुथत नाही, उलट रिकामं पडतं. त्रास झालाच तर तो रिकामपणाचा. महिनोन्महिने फार हलक्या लोडवर चालवलं तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते, सायलेन्सरमधून तेलकट ओल येते.

डिझेलदास
हे पटलं. धूर बघितला होता तो कटर चिकणमातीत अडकलेला असताना, आत्ता आठवलं.

गाळफेक
मूळ बार्शीचा, सध्या किनाऱ्यावर. बंदरातल्या मोठ्या कटर ड्रेजरवर अकरा वर्षं लिव्हर ओढलेत. पानाकाकांच्या म्हणण्याला एक जोड.

छोट्या बोटीत बहुतेक एकच इंजिन असतं. त्यावरच पंप, त्यावरच हायड्रॉलिक. रेस कमी केली की फक्त पंप हळू होत नाही. हायड्रॉलिकचं तेल कमी येतं, कटर हळू, विंच हळू, बोट डावी-उजवी फिरणंही हळू. मग माणूस वैतागून कटर जास्त खोल दाबतो, एकदम ढेकळं आत येतात. तुमचा पाइप बसायला हेही कारण असू शकतं. @भीमेचा_काठ, तुमचंही एकाच इंजिनावर आहे का?

भीमेचा_काठ
हो! एकच इंजिन. आणि त्या दिवशी लिव्हरवर आमच्या मिस्त्रींचा पुतण्या होता. त्यानं दाबलाच होता, आता कबूल झाला.

शेंगाचटणी
पुतण्या सापडला. महाराष्ट्रात कुठलाही प्रश्न शेवटी काका-पुतण्यावरच येतो.

संपादक
राजकारण नको. यंत्रावर बोला.

धोटा
ड्रेजर मी जन्मात बघितला नाही, पण धाग्याचं नाव वाचून राहवेना. आमचे सोलापूरच्या पूर्व भागात साधे माग होते, चादरीचे. साध्या मागाला मिनिटाला शंभर-सव्वाशे पिकं (धोट्याच्या फेऱ्या). दिवाळी तोंडावर आली की शेठ मागवाल्याला सांगायचा, मोटरची पुली एक नंबर मोठी टाक. माग पळायचा. मग धोटा उडायचा, वाद्या तुटायच्या, सूत तुटायचं, आणि जोडायला माग थांबायचाच. रात्रीला कापड मोजलं की तेवढंच, कधी त्याहून कमी. माझे वडील म्हणायचे, माग किती पळाला ते नको सांगू, गज किती निघालं ते सांग.

हे इथं लागू होतं का माहीत नाही, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

जमाखर्च
@धोटा, तुम्ही म्हणताय लागू होतं का, मला तर सगळ्या धाग्यात तेवढंच लागू वाटतंय! मी एका कंत्राटदाराकडं हिशेब बघते (पोकलेन, टिपर, एक गाळबोट), आणि वरच्या सगळ्या दादा-काकांनी झीज *तासाला* मोजलीय. बिल तासावर मिळतं का? ब्रासवर (१०० घनफूट मालावर) मिळतं. झीजही ब्रासवर मोजा की.

बघा, काकांच्याच सूत्रानं. समजा पंप १०० वरून ८३ टक्क्यांवर आणला. तासाची झीज साधारण ६३ टक्के होते (अडीच घात धरला). ऐकायला भारी. पण माल पण कमी येतो. तलावापासून बांधावर चढ आहे म्हणजे पाणी ८३ च्याही खाली, ८० धरू. ६३ भागिले ८०, म्हणजे ब्रासमागे झीज ७९ टक्के. वाचले ३७ नव्हेत, २१ टक्के.

डिझेल: पंपाची ताकद ५८ टक्के, भागिले ८०, म्हणजे ब्रासमागे ७२. हे छान आहे, पण कटर-विंचचं डिझेल यात धरलेलं नाही, ते काही तेवढं कमी होत नाही.

आता उलटी बाजू. बोटीचं भाडं, दोन माणसांचा रोज, राखणदार, रात्रीचा डबा. हे दिवसाचे पैसे आहेत, पंप हळू फिरला म्हणून कमी होत नाहीत. १०० भागिले ८०, म्हणजे ब्रासमागे १२५. भाडं जर मोठं असेल तर इंपेलरचं वाचलेलं सगळं त्यात जाईल.

म्हणून @भीमेचा_काठ, भाडं दिवसावर आहे का ब्रासवर ते आधी सांगा. मगच मालक हसतोय ते का हसतोय ते कळेल.

भीमेचा_काठ
ताई, भाडं दिवसावर. सुटे भाग माझे, डिझेल माझं.

जमाखर्च
मग तो "काम उरका" का म्हणतोय? दिवसावर भाडं असलेला माणूस तुम्हाला घाई करायला सांगतोय म्हणजे त्याला बोट पुढं दुसरीकडं द्यायचीय. तुमच्या फायद्याचं असेलही, पण त्याच्या सांगण्यावरून ठरवू नका.

पाना_बारा_तेरा
ताईंनी कान धरला, बरोबर धरला. चाळीस वर्षं मी इंपेलर तासावर मोजला, कारण माझ्याकडं तासाचा मीटर होता आणि ब्रासचा नव्हता.

वाळवंट_माढा
एवढी गणितं करण्यापेक्षा उन्हाळ्यात पाणी उतरू द्यायचं, पोकलेन लावायचं, शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरनं गाळ नेतात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ ला सुरू झाली, आमच्या गावच्या तलावात असंच झालं. ड्रेजरनं काढलेला गाळ म्हणजे ताक. ते वाळायचं कधी, न्यायचं कधी?

भीमेचा_काठ
दादा, पहिल्याच पोस्टीत लिहिलंय, पिण्याचं पाणी आहे, रिकामा करता येत नाही. ताकाचं खरं आहे, वाळायला वेळ लागतो. पण खड्डे दोन केलेत, एक भरतो तोवर दुसरा सुकतो.

शेंगाचटणी
सोलापूरकराला पाणी असलेला तलाव मिळाला आणि हा त्यातलं पाणी उपसून बांधावर टाकतोय. आमच्या नळाला काही दिवसाआड येतं बे. पाइप आमच्या गल्लीकडं वळव. इंपेलर मी देतो.

उजनीवेडी
अवांतर होईल, पण गाळाचा विषय निघालाच आहे म्हणून. उजनी १९८० ला पुरी झाली. एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून तर आपल्याकडं "उजनी वजामध्ये गेली" (पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं) हे पोराटोरांनाही कळतं. भीमेबरोबर किती गाळ येऊन बसलाय यावर दर निवडणुकीला बोलतात. छोट्या बोटीच्या पंपाचा विचार करताना मला एकच वाटलं, तेवढ्या मोठ्या धरणाला कुठला इंपेलर पुरणार?

मळी_आणि_बगॅस
@उजनीवेडी, त्या मानानं एकरुख बरं. सोलापूरजवळचा १८७१ चा तलाव, हिप्परगा म्हणूनही ओळखतात.

विषयावर: साखर कारखान्यात आहे. आमच्या मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे फिरतात, तरी दर हंगामात दातांवर वेल्डिंग चढवावं लागतं, कारण पावसात तोडलेला ऊस मातीसकट येतो. म्हणजे हळू फिरलं म्हणून वाळू सोडत नाही. आमच्याकडं शेवटी फरक पडला तो धातूनं. तुमचा इंपेलर कशाचा आहे? साधं बीड (ओतीव लोखंड) असेल तर वेगावर भांडण्यात अर्थ नाही, आधी हाय क्रोम (जास्त क्रोमियमचं कडक ओतीव लोखंड) घाला.

गाळफेक
हाय क्रोम वाळूला उत्तम. पण खडीचा मोठा दगड किंवा कुणी टाकलेला लोखंडी तुकडा आत गेला की कडक असल्यानं तडकतं. गावच्या तलावात काय काय निघेल सांगता येत नाही. आमच्या सक्शनला एकदा अख्खं सायकलचं चाक. रबराचं लाइनर बारीक गाळाला फार चांगलं, पण त्याला वेगाचं वावडं. इंपेलरच्या टोकाचा वेग सेकंदाला पंचवीसेक मीटरच्या वर गेला की रबर फाटतं. तुमचा ८१८ फेऱ्यांना टोकाचा वेग २५.७ येतोय. म्हणजे आहे त्या पुलीवर रबर नकोच.

आणि झीज फक्त वेगानं होत नाही. इंपेलर आणि पुढची प्लेट यातली फट किती ठेवलीय? फट वाढली की दाबाखालचा गाळ तिथूनच मागं फिरतो, त्याच वाळूनं तोच भाग परत परत घासला जातो. पाणी कमी आलं म्हणून माणूस रेस वाढवतो. रेस वाढली की फट आणखी वाढते. अर्धे इंपेलर या फेऱ्यात मेलेले मी बघितलेत. आठवड्याला पुढं सरकवून फट घ्या. ग्लँडला (शाफ्टभोवती गळती अडवणाऱ्या दोरीच्या जागी) चोख पाणी आतल्या दाबापेक्षा जास्त दाबानं जाऊ द्या, नाहीतर दोरीत वाळू शिरून शाफ्टची बाही कापते.

डिझेलदास
आणि पंपात खडी वाजल्यासारखा आवाज येतो तेव्हा दर वेळी खडी नसते. सक्शन उपाशी राहिली की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात, धातूला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. फुल रेसला हे जास्त. तुमच्या जुन्या इंपेलरचा फोटो टाका, घासलाय का पोखरलाय ते लगेच कळेल.

भीमेचा_काठ
फोटो टाकला. कडा घासलेल्या आहेतच, पण पात्यांच्या तोंडाशी बारीक भोकं पण दिसतात. मिस्त्री म्हणाले, "हे मी आधीच सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं.

पाना_बारा_तेरा
म्हणजे दोन्ही रोग आहेत. आता उपाय ऐका. इंजिनाच्या रेसला हात लावू नका. इंजिनाची १२ ची पुली काढून १० ची घाला. इंजिन १५०० वरच, हायड्रॉलिक होतं तसंच, कटर-विंच तसेच. पंप मात्र ६८२ फेऱ्यांवर. टोकाचा वेग २१.४. ताईंनी जे ८३ टक्के धरलं ते हेच निघतं बघा.

आणि मुरूमाच्या कोपऱ्यात गेलात की? तुमचं इंजिन १८०० ला चालतं का, प्लेट बघा. चालत असेल तर १८०० वर पंप परत ८१८. लोण्याला १५००, मुरूमाला १८००. पट्टे सगळे एकदम बदला, जुन्यात नवा मिसळू नका.

गाळफेक
+१. शिवाय दोन गेज लावा, सक्शनला व्हॅक्यूमचा, डिलिव्हरीला दाबाचा. डिलिव्हरीचा दाब चढतोय आणि व्हॅक्यूम उतरतोय म्हणजे पुढं पाइप बसायला लागलाय, लगेच कटर उचला आणि नुसतं पाणी जाऊ द्या. उलट व्हॅक्यूम चढतोय आणि दाब पडतोय म्हणजे सक्शनचं तोंड तुंबलंय. बंद करताना घाई नको. ४०० मीटरला तीन मीटरच्या वेगानं सव्वादोन मिनिटं लागतात, पाच मिनिटं चोख पाणी सोडा. पाइप खालूनच घासतो, अधूनमधून तिसरा हिस्सा फिरवून बसवत जा.

अजून एक. फुल रेसला तुम्ही बहुधा पाणीच जास्त उपसत होता. हळू चालवताना कटर नीट मातीत ठेवला तर मिश्रण दाट येतं. दाट झालं की तासाची झीज वाढते, पण ब्रासची तेवढी वाढत नाही, आणि ताईंचं ते भाड्याचं १२५ खाली येतं. हातोटी पुतण्याला शिकवा, दाबायला नको, सरकवायला.

शेंगाचटणी
पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, इथं तर परीक्षा सुरू झाली. रच्याकने, पुतण्याचं लग्न झालंय का?

भीमेचा_काठ
(सात आठवड्यांनी) धागा वर काढतोय.

१० ची पुली बसवली. गेज दोन्ही बसवले. प्लेटवर १८०० आहे. लोण्यात १५०० वर सहा आठवडे चाललं, पाइप एकदाही बसला नाही. मुरूमाला १८०० करतो, तेव्हा पंपाचा जुना आवाज ऐकून मिस्त्री लांबूनच हात हलवतात. इंपेलर परवा उघडून बघितला, कडा अजून जाड आहेत, भोकं नवीन नाहीत. फट दर सोमवारी घेतो.

ब्रासचा हिशेब वहीत ठेवला, ताईंच्या पद्धतीनं. खड्डा मोजून. पहिल्या दोन आठवड्यांत माल खरंच कमी निघाला, तेव्हा ब्रासमागे भाडं अंगावर आलं. तिसऱ्यापासून पुतण्याचा हात बसला, आता आधीच्या आसपास निघतोय. डिझेल कमी जातंय हे टाकी बघूनच कळतं. पण ताई, एक गोष्ट हिशेबात बसेना: पाइप बसून दोन दिवस गेले ते कुठल्या खात्यावर टाकायचे?

जमाखर्च
हळू चालवण्याच्या. तेव्हा ११०० वर होतात तुम्ही.

भीमेचा_काठ
मिस्त्री म्हणतायत पुतण्याच्या खात्यावर टाका.

जमाखर्च
पुतण्याला खातं नाही. आणि मालक काय म्हणतोय?

भीमेचा_काठ
म्हणतोय, १२ ची पुली परत कर, ती बोटीच्या यादीत आहे.